जुना कॅमेरा आणि त्याची उपांगे

आमच्या युनियनच्या कचेरीत एक लाकडी कपाट आहे. त्यात जुन्या करारांच्या फायली आहेत, संपांच्या वेळची पत्रके आहेत, आणि तळच्या कप्प्यात फडक्यात गुंडाळलेला एक रशियन कॅमेरा आहे. झोर्की हे त्याचे नाव. माझ्या आधीच्या पिढीतील एक कार्यकर्ते शिष्टमंडळाबरोबर सोव्हिएत देशात गेले होते, त्यांनी तो आणला आणि युनियनला देऊन टाकला. आला तेव्हा तो अगदी उघडाबोडका होता. पुढे कोणी त्याच्या डोक्यावरच्या खाचेत बसणारा जपानी प्रकाशमापक मिळवला. आमच्यातल्याच एका टर्नरने भिंगावर तिरके ऊन पडू नये म्हणून लेथवर ॲल्युमिनियमची टोपी कातून दिली. नवसाला पावणाऱ्या देवाच्या अंगावर दागिने चढत जावेत, तसे त्या कॅमेऱ्याचे झाले.

दुकानदार या वस्तूंना ॲक्सेसरीज म्हणतात. मी त्यांना उपांगे म्हणतो. दागिना काढला तरी देव देवच राहतो. पण उपांगाने अंगाला मुळात नसलेली शक्ती येते, आणि ते काढले की ती जाते.

कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाला यंत्राकडे पाहण्याची एक खोड लागलेली असते. नवे यंत्र दिसले की तो विचारतो, याने कोणाचे कोणते काम काढून घेतले, आणि हे यंत्र मालकीचे कोणाच्या? १८०४ साली लियाँ शहरात जॅकार्डने जे यंत्र सिद्ध केले ते स्वतंत्र माग नव्हताच. असलेल्या मागाच्या डोक्यावर बसवायचे ते एक उपांग होते. माग तोच राहिला, विणकरही तोच राहिला, पण नक्षीचे दोर ओढणारा पोऱ्या मात्र गेला. आपल्या मुंबईत १९२८ साली गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला, त्याच्या कारणांत दोनाऐवजी तीन माग सांभाळण्याची सक्ती हे एक मोठे कारण होते. कारखान्यात उपांग मालक आणतो आणि ते सांभाळायचे कामगाराने. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र ज्याच्या हाती यंत्र तोच बहुधा त्याचा धनी. उपांग चढवायचे की काढून खिशात टाकायचे, हे त्याचे त्याने ठरवायचे. या फरकामुळेच मला या लहानशा वस्तूंच्या इतिहासाची गोडी लागली. सार्वजनिक वाचनालयात बसून जे जमले ते वाचले, आणि तेच येथे मांडतो.

नुसत्या कॅमेऱ्याला तीन गोष्टी माणसाकडून हव्या असतात. समोरची वस्तू किती अंतरावर आहे ते सांगणे, उजेड किती आहे ते सांगणे, आणि नेमक्या क्षणी बोट दाबणे. या तिन्ही गोष्टी पूर्वी अंदाजाने होत. चौथी गोष्ट अंदाजानेही होत नसे. ती म्हणजे अंधार. जेथे उजेडच नाही तेथे अंदाज कशाचा करणार?

म्हणून अंधारापासूनच आरंभ करू. १८८७ साली बर्लिनमध्ये आडोल्फ मीथे आणि योहान्नेस गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमची भुकटी, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांचे मिश्रण तयार केले. पेटवले की क्षणात डोळे दिपवणारा प्रकाश पडे. ही बातमी न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस याने वर्तमानपत्रात वाचली. रीस मूळचा डेन्मार्कचा, पोटासाठी अमेरिकेत आलेला. तेथे त्याने उपासमार काढली, पोलिसांच्या निवाऱ्यात रात्री काढल्या आणि पुढे तो पोलीस-वार्ताहर झाला. शहरातील गरिबांच्या चाळी, खिडकी नसलेल्या खोल्या, एकेका खोलीत दाटलेली दहा-दहा माणसे हे सारे तो लिहून लिहून थकला होता. लिहिलेले कोणी मनावर घेत नव्हते. या भुकटीने त्याला त्या खोल्यांत कॅमेरा नेता आला. प्रथम ती पिस्तुलासारख्या नळीतून उडवीत, पण मध्यरात्री दार उघडून पिस्तूल रोखणारी टोळी पाहून भाडेकरू घाबरून पळत. मग रीसने सरळ तळण्याचा तवा घेतला आणि त्यात भुकटी पेटवू लागला. दोन वेळा घराला आग लागली आणि एकदा त्याचे स्वतःचे कपडे पेटले, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. १८९० साली त्याचे ‘हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक आले. कॅमेऱ्याला तवा जोडून एका माणसाने शहराच्या पोटातला अंधार चव्हाट्यावर आणला.

त्याच दशकात, १८८४ साली, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले होते. त्यांचा पुरावा सह्या आणि अंगठे. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामास बंदी केली होती, याचाच अर्थ सात वर्षांचे मूल कायदेशीर कामगार होते. त्या मुलांचे गिरणीतल्या अंधारातले चेहरे आपल्यापाशी नाहीत, याची खंत मला नेहमी वाटते.

अमेरिकेपाशी ते आहेत, आणि ते लुइस हाइन या शाळामास्तरामुळे. १९०८ साली त्याने शाळा सोडली आणि बालमजुरीविरोधी राष्ट्रीय समितीचे काम पत्करले. पाच बाय सात इंचांचा पेटी-कॅमेरा, काचेच्या प्लेटी, तिकाटणे आणि मॅग्नेशियमची भुकटी एवढे लटांबर घेऊन तो कापडगिरण्या, काचकारखाने, कोळशाच्या खाणी फिरला. दारावर खरे नाव-काम सांगितले तर आत कोण घेणार? मग कधी तो बायबल विकणारा होई, कधी पोस्टकार्डे विकणारा, कधी यंत्रांचे फोटो काढणारा कारागीर. यंत्राची उंची दिसावी म्हणून पोरीला शेजारी उभे राहा म्हणे, आणि फोटो पोरीचा घेई. आपल्या कोटाचे कितवे बटण जमिनीपासून किती उंच आहे हे त्याला पाठ होते. मूल शेजारी उभे राहिले की बटणावरून त्याची उंची मोजायची आणि खिशातल्या हाताने टिपून घ्यायची. कोटाचे बटण हेसुद्धा मी त्या कॅमेऱ्याच्या उपांगांत धरतो. नुसता फोटो म्हणजे अर्धा पुरावा, मोजमाप आणि वय जोडले म्हणजे तो पुरा होतो, हे हाइनला जितके कळले तितके आमच्या पुष्कळ वकिलांना अजून कळलेले नाही. १९१६ साली अमेरिकेत बालमजुरीविरुद्ध कायदा झाला, १९१८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, आणि टिकणारा कायदा व्हायला १९३८ साल उजाडले. हाइन १९४० साली दारिद्र्यात वारला.

आता टिपणाचाच विषय निघाला आहे, तर कोडॅकची एक युक्ती सांगितली पाहिजे. फोटो काढला, पण कोणाचा, कोठे, कधी हे विसरले की तो मुका होतो. हेन्री गेझमन नावाच्या संशोधकाने यावर तोड काढली आणि १९१४ साली जॉर्ज ईस्टमनने त्याचे हक्क तीन लक्ष डॉलरला विकत घेतले. या फिल्ममध्ये पाठीमागचा कागद पातळ असे, आणि कागद व फिल्म यांच्यामध्ये कार्बनचा पापुद्रा. कॅमेऱ्याच्या पाठीला एक लहानसे झाकण. ते उघडून धातूच्या लेखणीने दाबून लिहायचे, जेथे दाब पडे तेथून प्रकाश आत जाई. काही सेकंद आभाळाकडे धरून झाकण लावायचे. फिल्म धुतली की दोन चित्रांच्या मधल्या पट्टीत आपले अक्षर उमटलेले. पण खरी मौज पुढे आहे. ज्यांच्यापाशी जुना कोडॅक होता त्यांच्यासाठी कंपनीने नुसत्या नव्या पाठीही विकायला काढल्या. जुनी पाठ काढा, नवी बसवा, की जुना कॅमेरा लिहिता झाला! महायुद्ध नुकतेच सुरू झाले होते, आणि खिशात मावणारा लिहिता कोडॅक सैनिकांचा कॅमेरा म्हणून विकला गेला. ही सोय विसाएक वर्षांत बंद पडली. लोकांनी तिचा फारसा उपयोग केला नाही असे म्हणतात. जुन्या अल्बममधले नाव-गाव नसलेले चेहरे पाहिले की ते पटते.

उपांगांचा खरा सुकाळ झाला तो लायकामुळे. ऑस्कर बार्नाक हा यंत्रकारागीर १९११ साली वेट्झलार गावच्या लाइट्झ या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कारखान्यात रुजू झाला. त्याआधी तो येना येथे त्साइसच्या कारखान्यात होता. येथे मला थोडे आडवाटेला जाऊ द्या, कारण येनाचे नाव काढले आणि एर्न्स्ट आबे याचे काढले नाही तर माझ्या पेशाला ते शोभणार नाही. आबे हा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, सूतगिरणीतल्या मजुराचा मुलगा. त्साइसच्या मृत्यूनंतर कारखाना त्याच्या हाती आला तेव्हा त्याने तो आपल्या नावे न ठेवता १८८९ साली एका न्यासाच्या हवाली केला, आणि १९०० साली तेथे आठ तासांचा दिवस सुरू केला. मग कामगारांच्या कमाईचे आकडे तपासून दाखवून दिले की तास नवाचे आठ झाले तरी दिवसाचे काम घटले नाही, उलट किंचित वाढले. बार्नाक तेथे होता तो याच काळात.

बार्नाकला दमा होता. मोठ्या प्लेटींचा कॅमेरा खांद्यावर घेऊन डोंगर चढणे त्याला झेपेना, म्हणून त्याने सिनेमाच्या फिल्मवर चालणारा, मुठीत मावणारा कॅमेरा स्वतःपुरता बनवला. युद्ध आणि चलनफुगवटा यांत दहा वर्षे गेली. अखेर एर्न्स्ट लाइट्झ दुसरा याने १९२४ साली तो बाजारात आणण्याचे ठरवले आणि १९२५ च्या लाइपझिगच्या वासंतिक जत्रेत तो लोकांनी पाहिला. या पहिल्या लायकात अंतर मोजण्याची काही सोय नव्हती. परंतु त्याच्या डोक्यावर धातूची एक खाच होती, हीच ती खाच, जिला इंग्रजीत शू म्हणतात. या खाचेत लाइट्झने एक उभी नळी बसवायला दिली. तिचे नाव फोडिस.

फोडिस म्हणजे अंतरमापक. त्याचे तत्त्व आपल्या दोन डोळ्यांचे. नळीला दोन खिडक्या, दोहोंत ठरावीक अंतर. वस्तू दोन्ही खिडक्यांतून किंचित निराळ्या कोनातून दिसते आणि आत पाहणाऱ्याला एकाच्या दोन प्रतिमा दिसतात. चाक फिरवत गेले की आतला आरसा वळतो. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की चाकावरचा आकडा वाचायचा. तेच अंतर. भूमितीतला हा साधा त्रिकोण आहे. खिडक्यांतले अंतर जितके जास्त तितके माप अचूक. हे यंत्र मुळात तोफखान्याचे. १८८८ पासून बार आणि स्ट्राउड या दोन प्राध्यापकांनी ब्रिटिश सैन्यासाठी व आरमारासाठी असे अंतरमापक तयार करायला घेतले होते. शत्रूच्या जहाजावर नेम धरण्याची विद्या अशी मुलाबाळांचे फोटो स्पष्ट यावेत म्हणून खिशात आली. उलट दिशेचा प्रवास आपण नेहमी पाहतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

फोडिसमध्ये एक उणीव होती. आकडा वाचायचा नळीवर आणि फिरवायचे भिंग, म्हणजे दोन यंत्रांच्या मध्ये निरोप्या म्हणून माणूस उभा. १९३२ सालच्या दुसऱ्या लायकात अंतरमापक कॅमेऱ्याच्या पोटात गेला आणि भिंगाला जोडला गेला; भिंग फिरवले की प्रतिमा आपोआप सरकते. निरोप्याचे काम संपले. पण ज्यांनी आधीच्या सात वर्षांत पहिला लायका घेतला होता त्यांचे काय? लाइट्झच्या कारखान्याने त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. जुना कॅमेरा वेट्झलारला पाठवावा, कारागीर तो उघडत, अंतरमापक बसवत, पुढे कमी वेगाचे शटरही बसवून देत, आणि बहुधा मूळ क्रमांक तसाच ठेवून परत करत. १९२६ साली जन्मलेला कॅमेरा दहा वर्षांनी नव्या बाळाइतका कर्तबगार होई. संग्राहकांना आज हे कॅमेरे ओळखताना घाम फुटतो, कारण अंग एका सालचे आणि उपांगे दुसऱ्या सालची. मला मात्र यात कारखान्याची एक सभ्यता दिसते. ती धंद्याचीही होती हे उघड आहे. फुकट कोणी काही करत नव्हते. पण जुने फेका आणि नवे घ्या, हे सांगणे अधिक सोपे होते.

याच कारखान्याविषयी आणखी दोन गोष्टी सांगितल्याविना पुढे जाणे बरोबर नाही. हिटलरच्या राजवटीत लाइट्झने आपल्या ज्यू नोकरांना व त्यांच्या आप्तांना देशाबाहेर नोकऱ्यांवर धाडून वाचवले. त्याची कन्या एल्सी हिला १९४३ साली गेस्टापोने कैदेत टाकले होते. आणि त्याच युद्धकाळात त्याच कारखान्यात युक्रेनमधून धरून आणलेल्या स्त्रियांना वेठीने राबवले जात होते. दोन्ही खरे.

लायकाची उपांगे शेकड्यांनी निघाली. तारेने मागणी नोंदवणे स्वस्त पडावे म्हणून प्रत्येकाला पाच अक्षरांचे सांकेतिक नाव असे. नूकी घेतली की जवळची फुले टिपता येत. प्लूट घेतले की आरशाची पेटी बसून लांब पल्ल्याचे भिंग चाले. मूली म्हणजे तळाला बसणारी चावीची मोटर, जी शटर उडवून फिल्म आपोआप पुढे सरकवी. नावे ऐकून कोणा श्रीमंताघरची मांजरे वाटावीत. एक गोष्ट खरी की एवढी उपांगे घ्यायची तर खिसाही तसाच हवा. मूळ कॅमेऱ्याहून त्याच्या लवाजम्यावर अधिक पैसे घालवलेले लोक त्या काळी होते आणि आजही आहेत.

गरिबाला लायका हवा असेल तर? याचे एक उत्तर खारकीव येथे मिळाले. अनाथ व भटक्या मुलांसाठी तेथे झेर्झिन्स्कीच्या नावाने श्रमवसाहत होती आणि अंतोन माकारेंको तिचा चालक होता. त्या मुलांनी लायकाची हुबेहूब नक्कल करून १९३४ पासून ती मोठ्या प्रमाणात बनवायला घेतली. झेर्झिन्स्कीच्या नावाच्या आद्याक्षरांवरून कॅमेऱ्याचे नाव फेड. पुढे १९४८ पासून क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात झोर्की निघू लागला, तो फेडचाच भाऊ. म्हणजे आमच्या कपाटातला कॅमेरा हा बार्नाकच्या दम्याचा नातू. त्याच्या पोटात अंतरमापक आहे आणि डोक्यावर खाच. प्रकाशमापक मात्र नाही.

प्रकाशमापकाची कथा थोडक्यात अशी. पूर्वी उजेड मोजायला प्रकाशाने काळा पडणारा कागद वापरत. घड्याळाएवढ्या डबीत तो कागद ठरावीक छटेइतका काळा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. पुढे सेलेनियमचा घट आला. सेलेनियमच्या पातळ थरावर प्रकाश पडला की त्यात आपोआप किंचित वीज निर्माण होते. ती तारेच्या वेटोळ्यात सोडली की काटा हलतो. बॅटरी नको, किल्ली नको. अमेरिकेतील वेस्टन कंपनीचा असा मापक १९३२ साली आला. १९३५-३६ च्या सुमारास त्साइस मंडळींनी तो कॅमेऱ्यातच बसवला. लाइट्झने मात्र तो बाहेरच ठेवला. १९५४ च्या एम-३ कॅमेऱ्याच्या खाचेत बसणारा लायकामीटर शटरच्या चकतीत गुंतत असे. चकती फिरवली की मीटरही फिरे. मंद उजेडात काटा हलेना, म्हणून त्याला बाजूने जोडायचा आणखी एक घट निघाला. उपांगाचे उपांग! जपानमध्ये निकॉनने १९५९ च्या आपल्या एफ कॅमेऱ्याचे डोकेच काढता येईल असे केले आणि १९६२ साली प्रकाशमापक असलेले दुसरे डोके विकायला काढले. त्याच कॅमेऱ्याची विजेची मोटर मात्र नुसती विकत घेऊन चालत नसे. प्रत्येक मोटर त्या त्या कॅमेऱ्याला तंत्रज्ञाने जुळवून द्यावी लागे. फिटरचे काम काय असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

आता आमच्या झोर्कीची गोष्ट. १९९४ साली एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर एका पोराची तीन बोटे गेली. प्रेसला गार्ड नव्हता. मालकाचे म्हणणे, गार्ड होता, पोराने काढला. आम्हाला ठाऊक होते की दोन-चार दिवसांत गार्ड बसेल आणि मग तो कायम होता असे सिद्ध होईल. रात्रपाळीच्या सुट्टीत आतल्या मुलांनी बोलावले, म्हणून मी कॅमेरा घेऊन गेलो. शेडमध्ये एक दिवा. मीटर समोर धरला तर काटा जागचा हलेना. सेलेनियमला एवढ्या उजेडात काही कळत नाही, हे मला तेव्हा कळले. फ्लॅश उसना आणला होता, पण आमच्या जुन्या झोर्कीला फ्लॅशची तार जोडायची सोयच नाही.

निघण्यापूर्वी आमच्या गल्लीतल्या स्टुडिओवाल्या काकांना विचारले होते म्हणून वाचलो. ते म्हणाले होते, “हे बघा भाऊ, काटा हलला नाही तर त्याच्या नादी लागू नका. कॅमेरा स्टुलावर ठेवा. शटर ‘बी’वर करा, बटण दाबून धरा म्हणजे ते उघडेच राहील. मग फ्लॅशचे टेस्टचे बटण हाताने दाबा. झाले की बोट उचला.” मी तसेच केले. अंतरमापकात दोन प्रतिमा जुळेनात इतका अंधार, तेव्हा एका मुलाने प्रेसवर मेणबत्ती धरली आणि तिच्या ज्योतीवर मी त्या जुळवल्या. शेजारी स्टीलची फूटपट्टी ठेवली आणि त्या दिवशीचे वर्तमानपत्र. मी हाइनचे नावही तेव्हा ऐकले नव्हते. पुढे वाचनालयात वाचले तेव्हा लक्षात आले, शटर उघडे ठेवून हाताने उजेड उडवणे ही रीसच्या तव्याचीच रीत.

सोळा फोटो काढले, त्यांतले तीन आले. तिसऱ्या दिवशी प्रेसला हिरव्या रंगाचा नवाकोरा गार्ड बसला. भरपाईच्या सुनावणीत प्रतिपक्षाच्या वकिलांनी फूटपट्टीबद्दल चकार शब्द काढला नाही; वर्तमानपत्राबद्दल मात्र ते बराच वेळ बोलले, जुना अंक कोणीही ठेवू शकतो म्हणून. त्यांचे म्हणणे तर्काला धरून होते. अखेर तडजोड झाली. मागितली होती त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक रक्कम मिळाली. पोराने पुढे गावी पिठाची गिरणी टाकली.

सेलेनियमनंतर कॅडमियम सल्फाइडचे मापक आले. ते अंधुक उजेडातही वाचत, पण त्यांना बटणाएवढी बॅटरी लागे, आणि ती पाऱ्याची. पाऱ्याच्या घटाचा दाब १.३५ व्होल्ट, अखेरपर्यंत जवळजवळ स्थिर; म्हणूनच साऱ्या जगाच्या मीटरवाल्यांनी तो पत्करला. पुढे अमेरिकेने १९९६ च्या कायद्याने हे घट बंद केले, आणि २०१३ च्या मिनामाता करारानंतर इतरत्रही ते गेले. जपानमधील त्या किनाऱ्यावर पाऱ्याने माणसांचे काय केले हे १९५६ पासून जगाला माहीत होते, तेव्हा बंदी योग्यच होती. पारा हाताळणाऱ्या कामगाराच्या बाजूने मी केव्हाही मत देईन. पण एका रात्रीत हजारो कॅमेऱ्यांचे काटे खोटे बोलू लागले. चांदीच्या घटाचा दाब १.५५ व्होल्ट, तो घातला तर माप चुकते. मग कोणी कल्पक कारागिरांनी पितळी वाटीसारखे एक कडे काढले. त्यात लहान घट बसतो आणि आतला इवलासा भाग दाब उतरवून देतो. उपांगाला जगवण्यासाठी पुन्हा उपांग.

मोठी झेप घेऊ पाहणारे फसलेही. १९९८ साली अमेरिकेत एका कंपनीने जाहीर केले की फिल्मच्या डबीच्या आकाराचे एक यंत्र जुन्या कॅमेऱ्यात घातले की तो डिजिटल होईल. कल्पना ऐकून लोक हरखले. तीन वर्षे वाट पाहायला लावून २००१ साली कंपनीने काम थांबवले. जुन्या अंगात नवा जीव घालणे दिसते तितके सोपे नसते. कोडॅकला पाठ बदलून जमले, कारण त्याने डोळ्याला हात लावला नव्हता.

लहान उपांगांचा व्यवहार मात्र चालूच आहे. जगात ठिकठिकाणी एकेकटे कारागीर आता काडेपेटीहून लहान प्रकाशमापक बनवतात. आत सिलिकॉनचा डोळा, वर आकड्यांची इवली पट्टी, आणि खाली १९२५ च्या लायकात बसेल असा पाय. कॅमेऱ्याच्या डोक्यावरची खाच जवळपास त्याच मापाची राहिली आहे. आमच्या जपानी मीटरचा काटा अलीकडे भर उन्हातही उठेना, म्हणून गेल्या दिवाळीत युनियनच्या मुलांनी वर्गणी काढून असा एक नवा मागवला. झोर्कीच्या खाचेत तो किंचित सैल बसतो. टोपी कातून देणारा आमचा टर्नर निवृत्त होऊन कोकणात गेला आहे, म्हणून तूर्त कागदाची घडी घालून तो घट्ट केला आहे.